खेळघर : राजधानी घेतली, आता पुढे काय?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की या सदराच्या टपालात व्यूहरचनेच्या खेळांचे प्रश्न वाढतात. या वेळी बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : शत्रूची राजधानी जिंकली, पण हाती यश येण्याऐवजी कटकटच आली. म्हणून पूर्ण पाने त्यालाच दिली आहेत.

प्रश्न : सिव्हिलायझेशन ५ मध्ये (ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या विस्तारासह) शेजाऱ्याची राजधानी घेतली. शहर मोठे होते म्हणून लगेच 'ॲनेक्स' (खालसा) केले. दोन टर्नमध्ये माझे सगळे राज्य नाराज झाले, शहरांची वाढ थांबली आणि त्या राजधानीत मला काहीच बांधता येईना. चूक कुठे झाली?
— वाचक, महाल

उत्तर : चूक घाईची आहे. शहर हाती येताच त्याची लोकसंख्या साधारण निम्मी होते. उरलेली लोकसंख्या जितकी, साधारण तितके टर्न शहर बंडाच्या अवस्थेत राहते. १६ लोकसंख्येची राजधानी घेतलीत तर उरतात ८, म्हणजे सुमारे ८ टर्न तिथून ना उत्पादन, ना सोने, ना विज्ञान. (शत्रूच्या लोकांवर तुमचा सांस्कृतिक प्रभाव आधीच असेल, तर हा काळ कमी होतो.) या काळात काही बांधताही येत नाही आणि विकतही घेता येत नाही. नेमके कोर्टहाउसही (खालसा शहराची जादा नाराजी मिटवणारी इमारत) घेता येत नाही, आणि तुम्हाला हवे होते ते तेच.

आता नाराजीचा हिशेब बघा. साध्या शहरामागे ३ नाराजी, अधिक प्रत्येक नागरिकामागे १. ॲनेक्स केलेल्या, पण कोर्टहाउस नसलेल्या शहरामागे ५ आणि प्रत्येक नागरिकामागे १.३४. म्हणजे ८ लोकसंख्येचे शहर मांडलिक ('पपेट') ठेवले तर नाराजी ११, खालसा केले तर जवळपास १६. फरक फक्त पाचचा, पण तुमची आनंदाची शिल्लक आधीच दोन-तीनवर असेल तर हे पाचच राज्याला शून्याखाली ढकलतात. शून्याखाली गेलात की सगळ्या शहरांची वाढ एक चतुर्थांशावर येते. उणे १० ला पोचलात की बंडखोर सैन्य उगवू लागते, आणि तेही तुमच्याच हद्दीत.

म्हणून बहुतेक वेळा योग्य क्रम असा. शहर घेताच 'पपेट' निवडा. बंड शमेपर्यंत थांबा आणि दरम्यान कोर्टहाउसचे सोने साठवा. बंड संपल्यावर, सोने हाती असेल त्याच टर्नला ॲनेक्स करा आणि त्याच टर्नला कोर्टहाउस विकत घ्या. पपेटमधून ॲनेक्स करताना बंडाचा काळ पुन्हा सुरू होत नाही, ही या क्रमाची सगळी मेख आहे. उलट वाट मात्र नाही : एकदा ॲनेक्स केलेले शहर परत पपेट करता येत नाही. कोर्टहाउस बांधून काढायचे तर १०० उत्पादन लागते आणि त्याची देखभाल दर टर्नला ४ सोने. तेव्हा तिजोरीचा अंदाज आधी घ्या.

मुळात ॲनेक्स करायचेच का, हाही प्रश्न आहे. पपेट शहराने धोरणांची किंमत वाढत नाही, ॲनेक्स केलेल्याने वाढते. उलट पपेटचे विज्ञान आणि संस्कृती २५ टक्के कमी मिळते, आणि तिथला कारभारी आपल्या मर्जीने इमारती उभारत राहतो. त्यांची देखभाल तुमच्या खिशातून जाते. राजधानीत जागतिक आश्चर्ये असतील, नदीकाठची चांगली शेती असेल आणि सैन्य तिथूनच पुढे काढायचे असेल, तर ॲनेक्स. नाहीतर पपेट पुरे. आमचे मत विचाराल तर दहापैकी सात राजधान्या पपेटच राहाव्यात.

नागपूरकरांना हा फरक पुस्तकातून समजावायला नको. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांची गादी राहिली, पण कारभारावर रेसिडेंटचा हात आला. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी वारले आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. पपेट आणि ॲनेक्स यांत जितके अंतर, तितकेच या दोन तारखांत.

एक फायदा मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जिंकलेल्या शहराच्या हद्दीत तुमच्याकडे नसलेली चैनीची वस्तू, मसाले, रेशीम, हस्तिदंत असे काही असेल, तर ती एकटीच ४ आनंद देते. म्हणून चढाई करण्याआधी नकाशावर त्या शहराभोवती काय पिकते ते बघा. ११ नाराजीतले ४ तिथेच फिटतात. मात्र लढताना त्या खाणी-मळे तुमच्याच घोडदळाने लुटले असतील, तर आधी कामगार पाठवून ते दुरुस्त करावे लागतील.

प्रश्न : त्याच खेळात राजधानी जाळून टाकण्याचे बटणच येत नाही. बिघाड आहे का?
— वाचक, नंदनवन

उत्तर : बिघाड नाही, नियम आहे. मूळ राजधानी जाळता येत नाही, सिव्हिलायझेशन ६ मध्येही नाही. कारण 'डॉमिनेशन' विजय मूळ राजधान्यांवर मोजला जातो. यातून एक फसगत होते. तुम्ही एखाद्या राष्ट्राची उरलेली सगळी शहरे घेऊन ते नकाशावरून पुसले, पण त्याची मूळ राजधानी त्याआधीच तिसऱ्याने घेतलेली होती. विजय मिळत नाही, कारण ती राजधानी अजून तिसऱ्याकडे आहे. ती त्याच्याकडूनच घ्यावी लागेल. राजधानी पडल्यावर शत्रूचा राजवाडा दुसऱ्या शहरात जातो, पण ते शहर 'मूळ' ठरत नाही. त्याच्या मागे धावून डॉमिनेशनच्या हिशेबात काही भर पडत नाही.

प्रश्न : फ्रीसिव्हमध्ये संगणकाच्या खेळाडूची राजधानी घेतली आणि पुढच्या क्षणी नकाशावर एक नवीनच रंग! त्याची निम्मी शहरे कुण्या नव्या राष्ट्राकडे गेली. मित्राने घेतली तेव्हा मात्र असं काहीच झालं नाही. असं काहून होते?
— वाचक, इतवारी

उत्तर : तुम्ही शत्रूच्या राज्यात यादवी पेटवलीत. हा नियम सिव्हिलायझेशनच्या अगदी पहिल्या काळापासून आहे. फ्रीसिव्ह १९९६ च्या सुमारास डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केले, आणि त्यांनी हा नियम चांगला तपशिलात ठेवला. खेळ फुकट आहे आणि दहा वर्षांच्या जुन्या संगणकावरही आरामात चालतो. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत त्याचा वाटा मोठा आहे तो म्हणूनच.

यादवीसाठी दोन अटी आहेत. पहिली, शत्रूकडे पुरेशी शहरे हवीत. सर्व्हरवर 'सिव्हिलवॉरसाइज' नावाची सेटिंग असते आणि तिचे मूळ मूल्य १० आहे. नऊ शहरांच्या राष्ट्राची राजधानी घेतलीत तर यादवी होणारच नाही. मित्राच्या बाबतीत बहुधा हेच झाले. दुसरी, फासा अनुकूल पडायला हवा. त्याची टक्केवारी शत्रूच्या राज्यपद्धतीवर ठरते : अराजकात ९०, हुकूमशाहीत ८०, राजेशाहीत ७०, साम्यवादात ५०, प्रजासत्ताकात ४०, लोकशाहीत ३०. शिवाय अशांत असलेल्या प्रत्येक शहरामागे ५ वाढतात आणि उत्सवात असलेल्या प्रत्येक शहरामागे ५ घटतात. राजेशाही आणि तीन शहरे दंग्यात, तर ७० अधिक १५ म्हणजे ८५. लोकशाही आणि चार शहरे उत्सवात, तर ३० वजा २० म्हणजे जेमतेम १०. फासा पडला की साधारण निम्मी शहरे नव्या राष्ट्राकडे जातात.

यातून एक डाव निघतो. शत्रूकडे वकिलात उघडलेली असेल, तर खेळाडूंच्या यादीत त्याची राज्यपद्धती दिसते. तो क्रांती करून राज्यपद्धती बदलत असताना मधले काही टर्न अराजकात असतो. तोफा आणि घोडदळ राजधानीच्या वेशीवर आणून ठेवा, तटबंदी आधी फोडून घ्या आणि शेवटचा घाव नेमका त्या अराजकाच्या टर्नला घाला. शेवटचा बचावकर्ता एक-दोन टर्न आधी पडत असेल तरी घाई करू नका, पण फार लांबवूही नका. सोने असेल तर शत्रू एका टर्नमध्ये नवा बचावकर्ता विकत घेऊ शकतो.

यादवी नेहमी तुमच्या फायद्याची असते असे नाही. निम्म्या शहरांचे एक राष्ट्र दुबळे होते खरे, पण आता सीमेवर दोन राष्ट्रे आहेत. नव्याशी तुमचे नाते काय आहे ते मुत्सद्देगिरीच्या पानावर जाऊन आधी बघा. नाहीतर ज्या शहराला शांत समजून सैन्य पुढे काढलेत, तिथूनच पाठीवर वार होईल.

राजधानी पडल्याचे आणखी काही परिणाम फ्रीसिव्हमध्ये होतात आणि ते शांतपणे होतात, म्हणून नजरेतून सुटतात. शत्रूने अवकाशयान सोडले असेल तर राजधानी जाताच ते नष्ट होते. शेवटच्या टप्प्यात हरता हरता डाव फिरवायचा हाच एक खात्रीचा उपाय. दुसरे, राजधानीपासून जितके अंतर तितकी नासाडी जास्त, असा हिशेब आहे. राजधानीच नसेल तर दूरच्या शहरांची मिळकत गळते. 'सेव्हपॅलेस' सेटिंग चालू असेल तर शत्रूला नव्या शहरात राजवाडा फुकट मिळतो आणि हा तोटा लवकर भरून निघतो. ती बंद असेल तर त्याला राजवाडा स्वतः बांधावा लागतो. तेवढ्या काळात तुमचा हेर आणखी एक काम करू शकतो. शहर फितवण्याची किंमत राजधानीपासूनच्या अंतरावर ठरते. राजधानी नसलेल्या राष्ट्राची शहरे जणू फार दूरची मानली जातात आणि स्वस्तात फितूर होतात. लोकशाहीतील शहरे मात्र फितवता येत नाहीत, आणि राजधानी तर कधीच नाही.

हे सगळे तुमच्या बाबतीतही लागू आहे, हे विसरू नका. दहावे शहर वसवले त्या दिवसापासून राजधानीत किमान तीन चांगले बचावकर्ते, तटबंदी आणि किनाऱ्यावर असाल तर किनारी तोफखाना ठेवा. अराजकातून जाताना तर राजधानीतून एकही तुकडी बाहेर काढू नका.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरची राजधानी गेली, तेव्हा इथे निदान यादवी झाली नाही. हिवाळी अधिवेशनावर भागले.

प्रश्न : सिव्हिलायझेशन ६ मध्ये घेतलेली राजधानी सात-आठ टर्नमध्ये 'फ्री सिटी' (कुणाचेच नसलेले स्वतंत्र शहर) होऊन हातातून जाते. दोनदा झाले. सैन्यही आत होते.
— वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : इथे सैन्यापेक्षा निष्ठेचा हिशेब मोठा आहे. राइज अँड फॉल या विस्तारापासून प्रत्येक शहराची निष्ठा १०० पैकी मोजली जाते. नकाशावरच्या ९ घरांच्या आतला प्रत्येक नागरिक आपल्या राष्ट्राच्या बाजूने ओढतो, आणि प्रत्येक घराच्या अंतरामागे ही ओढ १० टक्क्यांनी कमी होते. राजधानी शत्रूच्या राज्याच्या मधोमध असते. तिच्याभोवती त्याची चार-पाच भरलेली शहरे, तर तुमचे सर्वात जवळचे शहर बारा घरे दूर. ही ओढ दर टर्नला उणे २० पर्यंत जाऊ शकते. त्यात तुमचे अंधारयुग चालू असेल तर तुमच्या नागरिकांची ओढ निम्मी होते, आणि शत्रू सुवर्णयुगात असेल तर त्याची दीडपट. अंधारयुगात दूरची राजधानी घेणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे.

काय करावे? शहर पडताच त्याच टर्नला गव्हर्नर तिथे नेमा. तो एकटा दर टर्नला ८ निष्ठा देतो. व्हिक्टर हाताशी असेल तर तोच पाठवा, कारण इतर गव्हर्नरांना बस्तान बसवायला ५ टर्न लागतात, त्याला ३ पुरतात. गॅरिसन (शहरात तैनात सैन्य) ठेवून 'लिमिटानेई' हे धोरणपत्र लावलेत तर आणखी २, 'प्रिटोरियम' लावलेत तर गव्हर्नरमागे आणखी २. स्मारकाचा १. शहर उपाशी राहिले तर निष्ठा घटते, म्हणून लढताना लुटलेली शेते आधी दुरुस्त करा आणि नागरिकांना अन्नाच्या घरांवर लावा. एवढे सगळे करूनही बेरीज १३ च्या आसपास जाते. समोर उणे २० असेल तर शहर टिकणार नाही, फक्त जाण्याची गती मंदावेल.

म्हणून खरा उपाय लढाईआधीचा आहे. राजधानी एकटी घेऊ नका. तिच्यापासून ४-५ घरांच्या आतली दोन शहरे लक्ष्य ठरवा आणि तिन्ही तीन-चार टर्नच्या अंतराने पाडा. प्रत्येक शहर घेतले की विरोधातली ओढ तितकी घटते आणि तीच तुमच्या बाजूने येते. सैन्य दोन भागांत वाटायचे म्हणजे तट फोडायचे साहित्यही दुप्पट लागते. प्राचीन तटासाठी पायदळाशेजारी बॅटरिंग रॅम पुरतो. शहराभोवतीच्या सगळ्या घरांवर तुमचा ताबा असला की ते वेढ्यात सापडते आणि दर टर्नला होणारी दुरुस्ती थांबते. वेढा पूर्ण न करता तोफा डागत बसणाऱ्यांना राजधानी पाडायला दुप्पट वेळ लागतो.

आणि तह करताना जिंकलेले शहर कागदोपत्री आपल्या नावावर लिहून घ्या. तोवर ते 'व्याप्त' राहते आणि पुरते फळत नाही. नुसता युद्धविराम करून उठणारे इथे पस्तावतात. शहर फ्री सिटी झालेच, तर फार शोक नको. ते परत घेतल्यास इतर राष्ट्रे तुमच्यावर तक्रारी नोंदवत नाहीत.

प्रश्न : हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्ये राजधानी घेतली तरी देश शरण का येत नाही?
— वाचक, सदर

उत्तर : कारण तिथे राजधानी हा फक्त गुणांचा एक मोठा गठ्ठा असतो. शरणागती ठरते ती एकूण विजयगुणांपैकी किती गेले यावर, आणि ती मर्यादा त्या देशाच्या जनतेचा युद्धाला पाठिंबा किती यावर हलते. लहान देशाचे बहुतेक गुण राजधानीतच असतात, म्हणून तो लगेच कोसळतो. सोव्हिएत संघाचे मॉस्को घेतले तरी लेनिनग्राड, स्टालिनग्राड आणि पुढची शहरे उरतातच. चीनचेही तसेच. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंग पडले, सरकार शेवटी चोंगकिंगला गेले आणि युद्ध चालूच राहिले.

मात्र नो स्टेप बॅक या विस्तारानंतर राजधानीला वेगळे महत्त्व आले. रसद राजधानीतून रेल्वेने निघते आणि पुरवठा केंद्रांपर्यंत पोचते. म्हणून राजधानीइतकेच तिच्याकडून आघाडीला जाणारे रेल्वे जंक्शन महत्त्वाचे. आपल्या अजनीसारखे ठिकाण समजा : ते तुटले की पुढच्या डझनभर तुकड्या उपाशी.

घेतलेल्या प्रदेशात प्रतिकार वाढू लागला की गॅरिसनच्या साच्यात घोडदळ आणि त्यासोबत लष्करी पोलिसांची तुकडी ठेवा. हे सैन्य नकाशावर दिसत नाही, पण माणसे आणि बंदुका तुमच्याच साठ्यातून जातात. कोठारात बंदुका उण्यात असतील तर गॅरिसन अपुरे पडते आणि कारखान्यांत घातपात सुरू होतात. अनेकांना वाटते की घातपात कठोर कायद्याअभावी होतात. बहुतेक वेळा कारण असते कोठारातली रिकामी फडताळे.

प्रश्न : मिडिव्हल २ टोटल वॉरमध्ये शहर घेतल्यावर 'ऑक्युपाय' (नुसता ताबा), 'सॅक' (लूट), 'एक्स्टर्मिनेट' (कत्तल) यांतले काय निवडावे?
— वाचक, कामठी

उत्तर : पैसा हवा तर सॅक. शहर मोठे, परधर्मी आणि तुमच्या राजधानीपासून लांब असेल, तर ऑक्युपाय केल्यावर तीन-चार टर्नमध्ये बंड ठरलेले. नीट ऑक्युपाय केल्याने सेनापतीची उदारता वाढते, कत्तलीने त्याची दहशत वाढते. तेव्हा सेनापती कसा घडवायचा आहे त्यावरही ठरवा. शहर ठेवायचे तर कर सर्वात खाली आणा, धर्मोपदेशक आत पाठवा, स्वस्त पायदळाने गॅरिसन भरा. आणखी एक गोष्ट फार थोडे करतात : तुमची स्वतःची राजधानी राज्याच्या मध्यावर हलवा. अंतरामुळे होणारी अशांतता त्याने एका झटक्यात कमी होते. शत्रू मात्र राजधानी गेल्याने संपत नाही. त्याच्या घराण्यातले सगळे पुरुष संपले की संपतो.

प्रश्न : एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये टाउन सेंटर पाडले तरी समोरचा खेळतच राहतो.
— वाचक, हिंगणा

उत्तर : तिथे राजधानी नसतेच. एक गावकरी जगला आणि २७५ लाकूड, १०० दगड हाती असले, की तो दुसरीकडे टाउन सेंटर उभारतो. गावकऱ्यांच्या मागे जा, इमारतींच्या नाही. राजा मारून खेळ संपवायचा असेल तर 'रेजिसाइड' प्रकार निवडा.

प्रश्न : चढाईच्या ऐन टर्नला वीज गेली. आधीच्या सेव्हवरून परत खेळलो तरी तोच फासा, तोच निकाल!
— वाचक, मानेवाडा

उत्तर : सिव्हिलायझेशन ५ मध्ये फाशाचे बीज सेव्ह फाइलमध्येच राहते. त्याच क्रमाने त्याच चाली केल्या तर निकालही तोच येतो. खेळ सुरू करताना प्रगत पर्यायांत 'न्यू रँडम सीड'ला टिक केली की लोड केल्यावर फासे बदलतात. ती टिक करायची राहून गेली असेल तर क्रम बदलून बघा : आधी दुसऱ्या आघाडीवरचा एक हल्ला करा, मग राजधानीवरचा. मे महिन्यात दुपारी खेळणाऱ्यांनी ऑटोसेव्ह दर टर्नला ठेवावे. फ्रीसिव्हमध्ये त्यासाठी 'सेव्हटर्न्स' १ करा. आणि तटाला खिंडार पडल्यावर, आत घुसण्याआधी, हाताने एक वेगळी सेव्ह नाव देऊन ठेवा. सिव्हिलायझेशन ५ मध्ये ऑटोसेव्हच्या जुन्या फाइल ठरावीक संख्येनंतर पुसल्या जातात.